सोफावाल्यांचा पैलवान

सोफावाल्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या जिन्याच्या तोंडाशी. हातात पत्र्याची पेटी, काखेत गुंडाळलेली सतरंजी आणि समोर बंद दार. घंटी वाजवून झाली होती. आत कुणाची तरी चाहूल होती, पण दार काही उघडत नव्हतं.

"किल्ली नाही का दिली बिट्टीच्या आईनं?" मी विचारलं.

"दिलीय ना." त्यांनी खिशावर हात ठेवला. "पण आत बिट्टी आहे. तिच्या घरात असं किल्ली फिरवून शिरणं बरं दिसत नाही."

नुकतंच लग्न झालेला माणूस हे बोलत होता. बिट्टी म्हणजे त्यांच्या बायकोची मुलगी, जेमतेम नऊ वर्षांची. मी माझ्या घरातून खुर्ची आणून दिली. ते तिच्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि फटीतून आवाज आला, "मावशी, त्यांना सांगा, आई बाजारात गेलीय. येईल एवढ्यात."

हे 'ते' माझ्या शेजारीच, तिच्यापासून दोन हातांवर बसले होते.

सोफे शिवणं हा त्यांचा धंदा. बाजारामागच्या गल्लीत, टायरच्या दुकानाला लागून त्यांचा गाळा होता. तिथं फाटके, बसके, कुरकुरणारे सोफे यायचे. ते आधी सगळे खिळे उपटायचे, जुनं कापड सोलून काढायचे, मग स्प्रिंगा सुतळीनं ताणून बांधायचे आणि वर काथ्या, फोम, नवं कापड चढवायचे. काम करताना बारीक खिळे तोंडात धरायची त्यांची सवय. एकेक खिळा जिभेनं ओठांपाशी आणायचा आणि हातोडीला द्यायचा. दिवसभर तोंडात खिळे असल्यावर माणूस बोलणार काय? लोक म्हणायचे, यांच्या पोटात पाव किलो खिळे तरी नक्की असतील.

सोफ्यांच्या फटीत काहीबाही सापडायचं. कानातलं, कंगवा, खेळण्यातली चाकं. ते सगळं पुडीत बांधून सोफ्याबरोबर परत करायचे. एकदा तर कवळी निघाली. ती बघून त्या घरचे आजोबा डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे देवा, आणि मी हिला वर्षभर ऐकवतोय की तूच कचऱ्यात टाकलीस म्हणून!"

चाळिशी उलटली तरी त्यांचं लग्न झालं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली. तिचं करता करता वर्षं निघून गेली. आई गेली आणि त्याच सुमारास सुईत दोरा ओवता येईनासा झाला, म्हणून ते चष्म्याच्या दुकानात गेले. तिथं काउंटरवर बिट्टीची आई होती. तिनं चष्मा त्यांच्या कानांवर चढवला, मान तिरकी करून बघितलं, काडी जरा वाकवून दिली. पुढच्या आठवड्यात स्वारी पुन्हा हजर. म्हणे, फ्रेम सैल झाली. तिनं घट्ट करून दिली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी ती म्हणाली, "अहो, स्क्रू आपोआप इतका फिरत नाही. कोण फिरवतंय?"

तेव्हा तोंडात खिळे नव्हते, तरी यांना शब्द फुटेना. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. तिला तेवढं उत्तर पुरलं.

तिचा पहिला नवरा आजारपणात गेला त्याला दोन-अडीच वर्षं झाली होती. बिट्टीची शाळा जवळ, म्हणून सोफावालेच इकडे राहायला आले. येण्याआधी त्यांनी तिच्या घरातला जुना सोफा नेऊन नवा करून आणला, गडद हिरवा. लग्नाची भेट म्हणून. त्या सोफ्यावर ते स्वतः अगदी कडेला बसायचे, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तसे.

बिट्टी त्यांना पाण्यात पाहायची. भांडायची नाही, उलट उत्तर द्यायची नाही. फक्त सरळ बोलायची नाही. सगळे निरोप आईमार्फत. "आई, त्यांना सांग, माझी छत्री त्यांच्या चपलांवर आहे." "आई, त्यांना सांग, दूध उतू जातंय." दूध त्यांच्या डोळ्यांदेखत उतू जात असायचं, ते गॅस बंद करायलाच धावलेले असायचे, तरी निरोप पोचवावा लागायचा. आईचा पारा चढायचा. ते म्हणायचे, "राहू दे गं. निरोप तरी येतोय."

अशातच एकदा एक गिऱ्हाईक गाव सोडून चाललं होतं. सोफा त्यानं विकून टाकला आणि जाता जाता सोफावाल्यांना विचारलं, "घरात लहान मूल आहे ना तुमच्या? मग ही टाकी न्या. मला प्रवासात नेता येणार नाही."

टाकीत वाळू होती, एक फुटकी कुंडी आडवी ठेवलेली होती आणि कुंडीत एक प्राणी होता. त्या माणसानं सांगितलं, हा क्रेफिश, गोड्या पाण्यातला. उकडलेला मटार द्या, पालक द्या, कधीमधी माशांचं खाणं द्या. आणि झाकण नीट ठेवा. शेवटची सूचना सोफावाल्यांच्या या कानानं आत शिरून त्या कानानं बाहेर गेली. ते आधीच मनात बिट्टीला टाकी दाखवत होते.

संध्याकाळी हातगाडीवरून टाकी आली, माझ्या नवऱ्यानं जिन्यातून वर चढवायला हात दिला. आम्ही सगळे भोवती जमलो. कुंडीतून आधी दोन लांब मिशा बाहेर आल्या, मग नांग्या, मग बाकीचा ऐवज. बोटाएवढा, तपकिरी, अंगावर संगमरवरासारख्या रेघा.

"ही कोळंबी आहे का?" बिट्टीच्या आईनं विचारलं.

"खेकडा असेल," माझा नवरा म्हणाला.

"पुढून खेकडा, मागून कोळंबी," सोफावाले म्हणाले. "जसं जुळलं तसं शिवलंय."

बिट्टी लांब दारात उभी होती. तिनं हळूच पुढं येऊन काचेला नाक लावलं. त्यासरशी त्या बोटभर जिवानं दोन्ही नांग्या उगारल्या, छाती काढली आणि तो तिच्यावर चाल करून आला. बिट्टीनंही नकळत दोन्ही हात वर केले. तो मागं सरला, पुन्हा आला. ती हसली. त्या घरातून तिचं हसू ऐकून मला किती दिवस झाले होते! सोफावाले भिंतीला पाठ लावून उभे होते. ते क्रेफिशकडे बघतच नव्हते.

"आई, त्यांना सांग," बिट्टी म्हणाली, "याचं नाव पैलवान."

पैलवानानं पहिल्याच आठवड्यात रंग दाखवले. हौसेनं लावलेलं पाण्यातलं रोपटं त्यानं मुळासकट उपटलं आणि पसारा टाकीभर केला. त्याला सोबत हवी म्हणून बिट्टीच्या आईनं एक सोनेरी मासा आणून सोडला. दुसऱ्या दिवशी मासा नव्हता. पैलवान कुंडीच्या दारात मिशा साफ करत बसला होता.

आणि मग एका रविवारी सकाळी टाकीच रिकामी. हवेच्या पंपाची नळी टाकीच्या काठावरून आत सोडलेली होती. गडी त्या नळीवर चढून पसार झाला होता. बिट्टीचा हंबरडा ऐकून मी धावले. घर उलटंपालटं. बादल्या हलवल्या, चपला झटकल्या, कपाटाखाली झाडू फिरवला. बिट्टीची आई खुर्चीवर पाय घेऊन बसली होती. "मिळाला की सांगा," ती म्हणत होती, "पण माझ्या पायाला मिळायला नको."

सोफावाले मात्र गुडघ्यांवर बसून फरशी न्याहाळत होते. ओल्या वाळूचे दोन-चार कण त्यांना दिसले, मग एक पुसट ओघळ. तो थेट हिरव्या सोफ्याकडे जात होता. ते पालथे झाले आणि सोफ्याखाली मान घातली. तळाला लावलेल्या काळ्या कापडाचा एक कोपरा सुटून फरशीला टेकला होता. स्वतःच्याच हातचं काम, तेही निसटलेलं.

"वर गेलाय," ते म्हणाले. "आत."

पलीकडच्या बाजूनं बिट्टीही पालथी झाली. तिच्या तोंडाला धूळ, यांच्या चष्म्याला धूळ. सोफ्याखालच्या त्या अंधारात दोघांची तोंडं समोरासमोर.

"कापड उसवावं लागेल," ते म्हणाले. "पण तो घाबरून स्प्रिंगेत शिरला तर पंचाईत."

"मग मी इकडून कापडाला हात लावून धरते," बिट्टी म्हणाली. "काका, तुम्ही तिकडून उसवा. हळू हं. त्याला लागेल."

मी बिट्टीच्या आईकडे बघितलं. ती खुर्चीवरून पाय खाली सोडून बसली होती, तोंडावर पदर धरून. निरोप नाही, मध्यस्थ नाही. काका.

कात्रीच्या टोकानं एकेक टाका सुटत गेला. फोमच्या चुऱ्यात आणि काथ्यात माखलेला पैलवान शेवटी सोफावाल्यांच्या ओंजळीत पडला. म्हाताऱ्यासारखा दिसत होता, पण नांग्या उगारलेल्याच. परातीत टाकीतलं थोडं पाणी घेऊन त्याला त्यात ठेवलं. जरा वेळानं त्यानं परातीच्या कडेला धडक मारली तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याच दुपारी सोफावाल्यांनी पट्ट्यांची चौकट ठोकून, जाळी ताणून, कडेला सोफ्याचंच उरलेलं हिरवं कापड लावून असं झाकण केलं की घरी आलेल्या पाहुण्यांनी टीपॉय समजून त्यावर चहाचा कप ठेवावा.

तेव्हापासून दोघं शेजारी बसून पाण्यात पाहू लागले. ते गाळ्यावरून आले की ती आज पैलवानानं काय काय केलं त्याचा पाढा वाचायची. ते ऐकायचे. ऐकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण ते 'काका' पैलवानापुरतं होतं. बाकी घरात अजूनही ती त्यांच्यापासून हातभर लांबूनच जायची, आणि तेही तिला वाट देऊन बाजूला व्हायचे.

थंडी संपता संपता पैलवान खाईनासा झाला. मटार तसाच पडून राहायचा. कुंडीतून बाहेर यायचा नाही. बिट्टीचा चेहरा उतरला. सोफावाल्यांना त्याच सुमारास एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम मिळालं होतं, घरी यायला उशीर व्हायचा.

मी दवाखान्यात टेलिफोनवर कामाला होते, सकाळपाळी असली की दुपारी घरी. एका दुपारी दारावर थाप पडली. बिट्टी होती. पाठीवरचं दप्तरही तिनं काढलं नव्हतं.

"मावशी, या ना जरा," एवढंच म्हणाली.

टाकीत वाळूवर पैलवान आडवा पडला होता. पाय पसरलेले, मिशा लोळत असलेल्या, रंग उडालेला. काचेवर टिचकी मारली तरी हालचाल नाही. पैलवानानं नांगी टाकली होती, खरोखरची. मी बिट्टीला जवळ घ्यायला गेले, तर ती सरळ उभीच राहिली, लाकडासारखी. मी सोफावाल्यांना फोन लावला.

ते आले तेव्हा जिने चढून धापा टाकत होते. तोंडातले खिळे त्यांनी आमच्या जिन्यातच हातावर काढले आणि खिशात टाकले. टाकीकडे बघितलं. मग बिट्टीकडे.

मी हळूच म्हटलं, "मी तिला माझ्याकडे घेऊन जाते. तोवर तुम्ही आवरा."

आणि बिट्टी फुटली. "नाही! मला नाही जायचं! मला प्रत्येक वेळी दुसरीकडे पाठवतात. बाबांच्या वेळीपण आत्याकडे पाठवलं. म्हणाले, दोन दिवस जा. आले तर बाबा नव्हतेच. नुसता फोटो होता. आणि आता तर फोटोपण नाहीये!"

फोटो बिट्टीच्या आईनंच लग्नाआधी उतरवून कपाटात ठेवला होता. नव्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

सोफावाले तिच्यासमोर खाली बसले. उकिडवे, तिच्या उंचीला येतील असे. "कुठं जायचं नाही," ते म्हणाले. "तू इथंच थांब. आपण दोघं मिळून त्याला बाहेर काढू. तुला बघायचंय ना? नीट बघ. हात लावायचा असेल तर लाव."

त्यांनी झाकण काढलं, बाही सारली आणि पाण्यात हात घातला. दोन बोटांनी पैलवानाला उचलून तळहातावर घेतलं. आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. हात त्यांनी जरा वरखाली केला, कापडाचा तुकडा जोखावा तसा. मग खिडकीपाशी जाऊन चष्मा वर सरकवला.

"बिट्टी, इकडे ये," ते म्हणाले. "हा किती हलका लागतोय बघ."

तिनं डोळे पुसत बोट लावलं.

"इथं बघ, पाठ आणि शेपूट जुळतात तिथं. आडवी फट आहे ना? फाटलेलं नाहीये हे. उसवलंय. आणि आत काही नाही." त्यांचा आवाज बदलला होता. "अगं, हे नुसतं कव्हर आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे आतला माल दुसरीकडे आहे."

दोघं टाकीवर अक्षरशः तुटून पडली. कुंडी हलवायची नाही असं ते तिला सांगत होते आणि तिचं नाक काचेला चिकटलेलं होतं. मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीखाली, तो होता. फिकट, गुलाबीसर, ओल्या कागदासारखा मऊ. पण आधीच्यापेक्षा मोठा. मिशी हलली.

बिट्टी ओरडली नाही, नाचली नाही. ती त्यांच्या हातातल्या त्या रिकाम्या कव्हराकडे बघत राहिली. डोळ्यांच्या जागी डोळे, पायांच्या जागी पाय, कशाचीच उणीव नाही. मग तिनं हळू आवाजात विचारलं,

"काका, मग बाबांचंपण असंच असेल का? कुठंतरी मागं..."

मला वाटलं, आता हे काहीतरी गोड बोलतील, आकाश, तारे, असलं काही. मी तेच बोलले असते.

"नाही, बिट्टी," ते म्हणाले. "माणसाचं तसं नसतं. बाबा गेले. ते परत येणार नाहीत."

तिनं मान हलवली. जणू तिला ते आधीपासून माहीत होतं, फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं. मग ती रडली. त्यांच्या खांद्यावर नाही, शेजारी बसून, गुडघ्यांत डोकं घालून. ते तिथंच बसून राहिले, एका हातात ते कव्हर तसंच धरून, कोपरावरून पाणी गळत असलेलं. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.

पुढचं मला बिट्टीच्या आईनं सांगितलं. संध्याकाळी ती दुकानातून आली तेव्हा दोघं तिची वाटच बघत होती. ते म्हणाले, "तिला तिच्या बाबांचं विचारायचंय. सगळं सांग. काही वगळू नकोस."

तिनं सांगितलं. दुखणं काय होतं, कधी कळलं, दवाखान्यात काय झालं. सांगताना तिच्याही लक्षात आलं की हे आपण अजून कुणालाच सलग सांगितलेलं नाही. "शेवटच्या दिवशी त्यांनी चष्मा मागितला," ती म्हणाली. "तू चित्र पाठवलं होतंस ना, ते बघायला."

"कुठलं चित्र?"

"बसचं. चौकोनी चाकांची बस. ते म्हणाले, ही बस धक्के फार देणार."

बिट्टीला रडता रडता हसू आलं. तेव्हा सोफावाले उठले, मायलेकींना एकटं सोडावं म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही कुठं चाललात, काका? बसा ना. तुम्हाला बाबा माहीत नाहीयेत. ऐका."

ते बसले आणि त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कपाटातला फोटो बाहेर आला. चौकटीची मागची बाजू ढिली झाली होती, ती सोफावाल्यांनी नव्यानं ठोकली, काच पुसली आणि टाकीच्या वर, भिंतीवर फोटो लावला. सरळ आहे का, हे बिट्टीला लांब उभं करून तीनदा विचारलं. ते उतरलेलं कव्हर फेकायला मात्र माशांच्या दुकानदारानं मनाई केली. "टाकीतच ठेवा," तो म्हणाला. "तोच खाईल. त्याशिवाय नवं कव्हर कडक व्हायचं नाही." पैलवानानं आपलंच जुनं अंग कुरतडून फस्त केलं तेव्हा बिट्टी "ईईई!" करत पळाली आणि लगेच परत आली, नीट बघायला.

वर्षभरात पैलवानानं आणखी बऱ्याच वेळा कव्हर बदललं. आता कुणाचं धाबं दणाणायचं नाही. आणि मग एका दिवशी बिट्टी माझ्या दारात उभी राहून ओरडली, "मावशी, पैलवानाला पोटाखाली अंडी आलीत!"

खरंच होती. शेपटीच्या आतल्या बाजूला काळ्या मोहरीसारखी, घोसच्या घोस. पैलवान शेपटीनं त्यांना वारा घालत होता. घालत होती म्हणायचं आता. सोफावाले सटपटले. "पण दुसरा कुणी तर टाकीत नव्हता!" माशांच्या दुकानदाराला विचारलं तर तो हसायला लागला. म्हणाला, संगमरवरी रेघांचे हे क्रेफिश सगळे माद्याच. यांना नर लागतच नाही.

"ऐकलंत का?" बिट्टीची आई नवऱ्याला म्हणाली. "नवरा नाही, सासर नाही, स्वतःच्या कुंडीत सुखी. काय नशीब काढलंय!"

यांच्या कानाच्या पाळ्या लाल.

दुकानदारानं एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. पिल्लं कुठल्याही तळ्यात, नाल्यात सोडायची नाहीत. बाहेरच्या पाण्यात गेली तर तिथलं सगळं खाऊन बसतील. मग पिल्लांसाठी स्थळं शोधणं सुरू झालं. मुंगीएवढी पिल्लं आधी आईच्या पोटालाच लटकलेली होती, मग टाकीभर झाली. टायरवाल्यानं दोन नेली, बिट्टीच्या शाळेनं काही घेतली, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर एक बरणी बसली. मलाही दोन मिळाली. घेणाऱ्या प्रत्येकाला बिट्टी दम भरायची, "झाकण आहे का? नाही? मग काका करून देतील. तोपर्यंत मिळणार नाही." गाळ्यावर सोफ्यांपेक्षा झाकणं जास्त दिसायला लागली. तोंडात खिळे, पण डोळे हसायचे.

पैलवान, बिट्टीनं ठेवलेलं नाव शेवटपर्यंत तेच राहिलं, आणखी दोनेक वर्षं जगली. शेवटच्या वेळी कव्हर निम्मं उतरलं आणि निम्मं अडकून बसलं. बिट्टी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. ती आणि सोफावाले सबंध सकाळ टाकीपाशी बसून होते. करण्यासारखं काही नव्हतं, ओढून काढलं तर तुकडे झाले असते. दुपारी ती म्हणाली, "काका, गेली." त्यांनी हात आत घातला, उचलून बघितलं. यावेळी वजन होतं. बिट्टीनंच तिला हिरव्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलं आणि इमारतीच्या मागं चाफ्याखाली पुरलं. रडली, पण घरी येऊन पोटभर जेवलीही. टाकीत पैलवानाच्या लेकी होत्याच.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बिट्टी दुसऱ्या गावी नोकरी करते, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. सोफावाल्यांची कंबर धरते, गाळ्यावर ते अर्धाच दिवस जातात. तिनं त्यांना कधीही बाबा म्हटलं नाही. मागं तिची एक मैत्रीण घरी आली होती, ती म्हणाली, "तुझे वडील किती शांत आहेत गं." बिट्टी सहज म्हणाली, "हे काका. बाबा ते, फोटोतले. दोघंही माझेच." मी तिथंच होते. सोफावाले मटार सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण सोललेले दाणे टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात. बायको ओरडेपर्यंत त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

परवा ती सुट्टीवर आली होती. सकाळपासून समोरच्या घरात नळी, बादली, फडकी यांचा गोंधळ चालला होता. टाकी धुणं निघालं होतं.

"काका, नळी वर धरा. वर! बादली भरली!"

"मला दिसतंय."

"दिसतंय तर मग थांबवा ना! गेलं सगळं फरशीवर!"

मग बिट्टीच्या आईचा आवाज, मग तिघांचं हसणं. थोड्या वेळानं दार उघडलं. बिट्टी उंबऱ्यात उभी होती, सलवारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले, हातात काठोकाठ भरलेली बादली.

"मावशी, टाकीतलं पाणी आहे. तुमच्या कुंड्यांना घालता का? काका म्हणतात, याच्यावर मिरच्या झकास येतात."

"ठेव तिथं," मी म्हटलं. "आणि त्यांना सांग, चहा टाकलाय. दोघंही या."

"तुम्हीच सांगा की," बिट्टी म्हणाली, आणि आत वळून स्वतःच हाक मारली, "काका, चला! चहा!"